कोणी शब्द पुरवायचा नाही

बॅटली,
मार्चच्या मध्यावर

प्रिय पिप,

तुझं पत्र पोचलं. एवढंसं पत्र आणि त्यात एकच प्रश्न. बाबांना माझ्याकडे यायचंय की नाही ते सरळ सांगा, सेलविनकाका. यायचं नसेल तर खालची खोली महिनाअखेर मी भाडेकरूला देऊन टाकते, आणखी अडवून ठेवत नाही. अगं, सरळ सांगा म्हणतेस, पण मी जन्मभर चिंध्यांचा धंदा केलेला माणूस. गाठोड्यात वर काय आहे ते कोणालाही दिसतं, आत काय आहे ते सोडल्याशिवाय कळत नाही, आणि घाईने सोडलं तर सगळा माल जमिनीवर. तेव्हा ही गाठ मी माझ्या पद्धतीने सोडणार आहे. तू चहा घेऊन बस. क्रोमरला समुद्रावरचा वारा सुटला असेल, तर खिडकीही लावून घे.

आधी तब्येतीचं. रॉयस्टन बरा आहे. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जातो. उजवा हात अजून पाहुण्यासारखा वागतो, सगळीकडे बरोबर येतो पण कामाला लागत नाही. जेवण चांगलं आहे. समजतं तर सगळंच, कधीकधी मला वाटतं आधीपेक्षा जास्तच, कारण बोलायचं नसलं की माणूस ऐकतो. अडतं ते फक्त बोलणं. डॉक्टरांनी तुला सांगितलंच असेल, शब्द गेलेले नाहीत, आत आहेत, दाराशी गर्दी करून उभे आहेत आणि एकालाही आधी बाहेर पडता येत नाही. त्यातून सुटल्या आहेत फक्त शिव्या. उपचार करणारी मुलगी म्हणते, शिव्यांची जागा मेंदूत वेगळी असते, त्यांना पक्षाघाताच्या झटक्याची झळ लागत नाही. उभ्या जन्मात तुझ्या बापाने शिवी दिलेली मी ऐकली नव्हती. आता डाव्या हाताने बूट घालताना तो जे बोलतो ते मी माझ्या गोदामातल्या हमालांकडूनही ऐकलेलं नाही. इब्राहिमने एकदा शेजारी बसून सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘एवढी वर्षं हे सगळं साठवून कुठे ठेवलं होतंस?’ रॉयस्टन इतका हसला की बूट पुन्हा निघाला.

इब्राहिम म्हणजे इब्राहिम लूनत. तू गेलीस त्यानंतर तो आमच्या टेबलावर आला, म्हणून सांगतो. गुजरातेतून तरुणपणी आला, आमच्याच गिरणीत रात्रपाळी केली, मग दुकान काढलं, आता दुकान मुलाकडे आणि हा गुरुवारी आमच्याकडे. एनिड ब्रिअर्ली तुला आठवत असेल. माग चालवून चालवून एक कान गेला, त्यामुळे ती कुजबुजली तरी रस्त्यापलीकडे ऐकू येतं. मी, रॉयस्टन, एनिड आणि इब्राहिम, असं आमचं शब्दांचं टेबल. दर गुरुवारी दुपारी गावच्या क्लबाच्या मागच्या खोलीत बसतं. रीत तीच, तुझ्या बापाने घालून दिलेली. प्रत्येकाने एक असा शब्द आणायचा जो रोजच्या बोलण्यात सापडत नाही. त्याचा अर्थ सांगायचा आणि तो कुठून आला ते सांगायचं. कागद बघायचा नाही, जे काही ते तोंडाने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलणारा अडला तर कोणी शब्द पुरवायचा नाही. तो कितीही वेळ घेऊ दे, छताकडे बघू दे, बाकीच्यांनी गप्प बसायचं. जो पुरवेल त्याने सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. एनिडने आजवर इतक्या विसळल्या आहेत की क्लबाने तिला त्याबद्दल एक ॲप्रन भेट दिला.

मला या नादाला तुझ्या बापाने लावलं ते शॉडी या शब्दापासून. तेव्हा मी शाळा सोडून चिंध्या निवडायला लागलो होतो. कापड फाडतानाच्या आवाजावरून लोकर किती आणि सूत किती ते मला सांगता यायचं, तेवढीच काय ती माझी विद्या. रॉयस्टन फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवायचा आणि ती आमच्या गोदामासमोर उभी करून डबा खायचा. एका लंडनच्या गिऱ्हाइकाने आमच्या मालाला शॉडी, म्हणजे भिकार, म्हटलं म्हणून मी त्या दिवशी भडकलो होतो. रॉयस्टनने डबा बाजूला ठेवला आणि मला सांगितलं की अरे, तो शब्द तर आपल्याच गावचा आहे. जुनी लोकर पिंजून तिचं पुन्हा सूत काढायचं, त्या कापडाचं नाव शॉडी, आणि ते पहिल्यांदा इथेच विणलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या लढाईत कोणीतरी त्याचे हलक्या प्रतीचे गणवेश शिवून खपवले, ते शिपायांच्या अंगावर विरले, आणि आपलं नाव जगभर बदनाम झालं. मूळ शब्द कुठून आला ते मात्र नक्की कोणालाच माहीत नाही, असंही त्याने सांगितलं, आणि मला तेच फार आवडलं, की इतकं माहीत असलेला माणूस माहीत नाही असंही तितक्याच ठामपणे सांगतो. पुढल्या खेपेला तो लंडनवाला आला आणि पुन्हा नाक मुरडून विचारू लागला, तेव्हा मी म्हटलं, होय साहेब, शॉडीच आहे, अख्ख्या यॉर्कशायरमधली सगळ्यात उत्तम शॉडी. त्याने माल उचलला. गोदाम माझं झालं ते पुढे बऱ्याच वर्षांनी, पण त्याची पहिली वीट त्या डब्याशेजारी रचली गेली असं मी अजून मानतो.

गेल्या उन्हाळ्यातला एक गुरुवार तुला सांगायलाच हवा, कारण झटक्याआधीचा रॉयस्टन माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्या दिवसाचाच. इब्राहिमने मंगूस हा शब्द आणला होता. नागाशी भांडणारा तो प्राणी. त्याने सांगितलं, हिंदुस्थानच्या पश्चिमेला मराठी नावाची भाषा आहे, तिच्यात त्याला मुंगूस म्हणतात. पोर्तुगीजांनी तिथून उचलला आणि त्यांच्याकडून तो आपल्यापर्यंत आला. एनिडला लगेच शंका. ती म्हणाली, मराठी ही तुझी भाषा नव्हे ना, मग तुझा त्या शब्दाशी काय संबंध? इब्राहिम म्हणाला, शेजारी आहेत ते आमचे, आणि शेजाऱ्याची वस्तू माणूस वापरतोच, तुझी शिडी नाही का माझ्याकडे? त्यावर ती शिडी परत कधी येणार यावर बराच वेळ गेला. मग रॉयस्टनची पाळी आली आणि त्याने रूबार्ब हा शब्द काढला. एनिड म्हणाली, हा कसला अनोखा शब्द, माझ्या परसात उगवतो. तुला माहीतच आहे, रूबार्ब म्हटलं की आमच्याकडे लोकांची छाती फुगते. अंधाऱ्या छपरांखाली मेणबत्तीच्या उजेडात वाढवलेली ती आंबट गुलाबी देठं, आणि खत म्हणून माझ्याच धंद्यातली उरलीसुरली लोकर. रॉयस्टनने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की जुन्या ग्रीक लोकांत व्होल्गा नदीला रा म्हणत, आणि बार्बारॉन म्हणजे परक्यांचं, आणि बऱ्याच जाणत्यांच्या मते या दोन्हींपासून हे नाव झालं. परक्यांच्या मुलखातलं मूळ. एनिड एवढी दुखावली की तिने आपलं केकचं ताट जवळ ओढून घेतलं. तुझा बाप तिला समजावत म्हणाला, ‘एनिड, इथलं व्हायला आधीपासून इथलं असावं लागत नाही.’ इब्राहिमने आपल्या बशीतला तुकडा उचलून एनिडच्या बशीत ठेवला, आणि शिडी दुसऱ्या दिवशी परत आली.

सप्टेंबरात त्याला झटका आला. तो इस्पितळातून घरी आला तेव्हा त्याला टेबलावर आणायचं की नाही यावर आमचं वाजलं. एनिड म्हणाली, ज्या टेबलावर तो सगळ्यांत बोलका होता तिथे त्याला मुका बसवून ठेवायचं, याला काय माया म्हणतात? मला तिचं पटत होतं. इब्राहिम म्हणाला, आपण तिघं ठरवतोय कशाला, त्याला विचारू. विचारलं, तर रॉयस्टनने उत्तर द्यायच्या ऐवजी उठून टोपी घातली.

पहिले कितीतरी गुरुवार त्याची पाळी यायची आणि काहीच यायचं नाही. आम्ही थांबायचो. घड्याळ ऐकू यायचं. बाहेरच्या खोलीत स्नूकरचे चेंडू आपटायचे. मग तो डावा हात हलवून पुढे चला म्हणायचा आणि आम्ही पुढे जायचो. एनिडला ते सोसायचं नाही. तिचे ओठ आपोआप हलायला लागायचे, मग ती दोन्ही हातांनी तोंड धरून बसायची. मला वाटायचं आपण त्याचा छळ करतोय. पण पिप, तुला एक गंमत सांगतो. बेकरीत काय होतं ते मी पाहिलं होतं. तिथली पोर चांगली आहे, अगदी प्रेमळ. तो काउंटरशी उभा राहतो, तोंड उघडतो, आणि पहिला आवाज निघायच्या आत ती विचारते, बियांचा ब्रेड ना? कापून ना? तो मान हलवतो. मान हलवणं सोपं असतं. अख्खा हिवाळा तुझा बाप बियांचा ब्रेड खातोय, जो त्याला कधीच आवडला नाही, दातांत अडकतो म्हणून. डॉक्टर त्याचं वाक्य पुरं करतात, शेजारीण करते, बसचा ड्रायव्हर करतो. गावात त्याच्याशी जो बोलतो तो दोघांच्या वाटचं बोलतो. फक्त गुरुवारी दुपारी, आणि तेही कपबशा विसळायच्या भीतीने, त्याला कोणी तरी त्याचा वेळ देतं.

नाताळच्या आसपास एकदा त्याची पाळी आली आणि मी सवयीने चहाकडे हात नेला, तेवढ्यात तो म्हणाला, ‘थोल.’ स्वच्छ. आम्ही तिघंही गारठल्यासारखे बसलो. थोल म्हणजे सोसणं, मुकाट्याने सोसत राहणं. आपल्या उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात असायचा. मग तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून हसला, म्हणजे अर्थही झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात एनिड म्हणाली, ‘हा कुठला अनोखा? माझी आजी दिवसातून दहादा म्हणायची. आणि आला कुठून ते कोण सांगणार?’ मला वाटलं उठून हिला बाहेर काढावं. पण रॉयस्टनचा चेहरा बघायला हवा होतास. इस्पितळातून आल्यापासून त्याच्याशी कोणी वाद घातला नव्हता. त्याचे डोळे असे चमकले, जसे पूर्वी चमकायचे. त्याने प्रयत्न केला, मूळ काही आलं नाही. शब्द मान्य झाला नाही. पुढच्या गुरुवारी तो आला, कोट काढायच्याही आधी उभ्याउभ्या म्हणाला, ‘जुनी… इंग्लिश.’ एनिडने मान्य केलं. मग कपबशांशी जाऊन ती बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली. त्या दिवशी तिने कोणालाही शब्द पुरवला नव्हता.

आता जानेवारीतला तो फोन. मी तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरात होतो हे तुला माहीत आहे, कारण फोन मीच लावून दिला होता आणि आवाज मोठा ठेवला होता. तू विचारलंस, बाबा, येणार का माझ्याकडे, खोली तयार आहे. तो बराच वेळ गप्प. मग त्याच्या तोंडून ‘टेबल’ एवढा एक शब्द निघाला. पुढे पुन्हा शांतता. तिकडे तूही काहीतरी म्हणायला गेलीस, आणि पहिल्याच अक्षराशी अडखळलीस, जशी फोनवर अजून अडखळतेस, आणि मग घाईने म्हणालीस, ठीक आहे बाबा, राहू दे, समजलं मला. फोन ठेवलास. आणि समजलं ते आपल्या सगळ्यांनाच. रॉयस्टनला टेबल सोडवत नाही. एनिडने अख्ख्या क्लबात सांगितलं की बघा, पोटच्या मुलीपेक्षा आम्ही जवळचे. इब्राहिमने सांगितलं नाही, पण तोही सुखावला. मी तर त्याच आठवड्यात प्लंबर बोलावला. माझ्या घरात खालच्या मजल्यावर न्हाणीघर करून घेतलं, भिंतीला धरायच्या दांड्या बसवल्या. विचारणाऱ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. माझे गुडघे उत्तम आहेत. एवढं मोठं घर, बायको जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझ्या मनात आलं की जिन्याखालच्या त्या खोलीत रॉयस्टन राहील, सकाळी दोघं मिळून चहा पिऊ, शब्दांवरून भांडू. त्याला मी अजून बोललो नव्हतो. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आता बोलायला वाट मोकळी झाली.

गेल्या गुरुवारी ते पत्र माझ्या खिशात होतं. दुपार झाली, इब्राहिमचा शब्द झाला, माझा झाला, एनिडचा झाला. रॉयस्टनची पाळी. तो म्हणाला, ‘टेबल.’ एनिड हसली, आणि मीही हसलो असेन. मला वाटलं, झालं, त्याला सांगायचंय की टेबल हाच आपला शब्द, आता टाळ्या वाजवू आणि चहा मागवू. माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. पण नियम नियम आहे. आम्ही थांबलो. त्याने छताकडे पाहिलं नाही, टेबलाकडे पाहिलं, आमच्या प्रत्येकाकडे पाहिलं. एवढा वेळ गेला की चहावर साय धरली. मग तो म्हणाला, ‘टेबल… पुरे.’ एनिडच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. इब्राहिमने तिच्या हातावर हात ठेवला. आणि मग, पिप, एकेक शब्द असा बाहेर आला, जसं आमच्या गोदामात तळाच्या गाठोड्यातून कापड ओढून काढावं लागायचं, न फाडता. ‘मला… पिपकडे… जायचंय.’

माझ्या खिशातलं तुझं पत्र जड झालं. तो रुसून किंवा कंटाळून म्हणत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. उलट आम्हाला वाईट वाटेल याचीच त्याला काळजी होती. एनिडने आता राहवेना म्हणून विचारलंच, आमचं काही चुकलं का रे? त्याने नाही म्हणून मान हलवली. मग इब्राहिमने अगदी हळू आवाजात, जसं तो कोणत्याही शब्दाबद्दल विचारतो तसं विचारलं, ‘बरं. अर्थ कळला. आता आला कुठून, ते सांग.’ मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. पण रॉयस्टनला तो प्रश्न पटला. मूळ सांगितल्याशिवाय काहीही मान्य करायचं नाही, ही त्याचीच रीत. आम्ही पुन्हा थांबलो. आणि तो म्हणाला, ‘नियम… पिपचा.’ मग थोड्या वेळाने, ‘ती… थांबते.’

सेलविन ऑटीच्या कानांचं या गावात फार कौतुक आहे, पण एवढ्या वर्षांत ही गोष्ट माझ्या कानांना ऐकू आली नव्हती. तो बोलला आणि मला तुमचं स्वयंपाकघर दिसलं. तू शाळेत जायला लागली होतीस, आणि तुझं बोलणं पहिल्याच अक्षराशी अडकून बसायचं. वर्गात पोरं चिडवायची, बाई दया करायच्या, दुकानदार तुझ्या वाटचं बोलून टाकायचा. घरी थेल्मासुद्धा करायची, बिचारी, आईच ती, तिला बघवायचं नाही. एका रविवारी मी जेवायला होतो. तुला काहीतरी हवं होतं आणि ते येत नव्हतं. थेल्मा बोलणार तेवढ्यात रॉयस्टनने काटा-चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, या टेबलावर कोणी कोणाला शब्द पुरवायचा नाही. आम्ही सगळे थांबलो. ताटातला रस्सा गोठून गेला. शेवटी तू स्वतः म्हणालीस की बटाटे नकोत, आणि मला आठवतं, आम्ही बटाट्यांच्या भांड्याकडे बघत असताना तुझी मान कशी ताठ झाली होती. पुढे तू वाढलीस, बोलायला लागलीस, तुझं टेबल मोडलं, आणि तोच नियम घेऊन तो क्लबाच्या मागच्या खोलीत आला. आम्हाला वाटत होतं की तो खेळातली गंमत म्हणून होता. आणि शब्द अडला की आतून कसं होतं, ते आम्हा तिघांना ऐकूनच माहीत आहे. आम्ही कपबशांच्या भीतीने गप्प बसतो. तू गप्प बसशील ते त्याला काय होतंय हे ओळखून. आठवड्यातल्या एका दुपारपुरती नाही, रोज. तो मूर्ख नाही गं. तो जानेवारीपासून हेच सांगायचा प्रयत्न करत होता. ‘टेबल’पुढे त्याचं वाक्य होतं, आणि ते येण्याआधीच फोन ठेवला गेला. तुझा दोष नाही. तुझाही शब्द अडला होता. फोन ही वस्तूच तुम्हा दोघांसाठी बनलेली नाही.

हे पत्र मी लिहायला बसलो ते वेगळं लिहायला, हे तुला सांगून टाकतो. रॉयस्टनला माझ्याकडे राहू दे असं मागणारं पत्र मनात तयार होतं, चांगलं गोड बोललेलं, धंद्यातली सगळी हुशारी पणाला लावलेलं. ते मी लिहिणार नाही. खरं तर हेही मी लिहायला नको होतं, कारण जे तो स्वतः सांगू पाहतोय ते मी आधीच सांगून टाकतोय. त्याला तुला तोंडानेच सांगायचंय. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून घोकतो, मी त्याला बघायला जातो तेव्हा दाराबाहेरून ऐकतो. एखाद्या दिवशी जमतं, एखाद्या दिवशी नुसती शिवी निघते. पण तू महिनाअखेर खोली देऊन टाकणार म्हणालीस आणि तेवढ्यात त्याचं जमेल की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिणं भाग पडलं. पुढच्या रविवारी मी त्याला माझ्या गाडीतून क्रोमरला घेऊन येतोय. मी बाहेर समुद्रावर जाऊन बसेन. तो तुझ्यासमोर बसेल आणि बोलायला लागेल, आणि तुला सगळं माहीत असेल, तरी तुझ्या चेहऱ्यावरून त्याला ते कळू देऊ नकोस. दुपार जाईल कदाचित. जाऊ दे. आणि खोली कोणाला देऊ नकोस.

तुझाच, आणि रविवारपर्यंत अजून त्याचाही,

सेलविनकाका